अकरा रेघांचा ठिपका

स्वराली नकाशे काढायची. तिच्या नकाशांत नदी नसायची, डांबरी रस्ता नसायचा, तालुक्याची हद्दही नसायची. लोक मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर एकमेकांना जे पाठवतात, त्या देवाणघेवाणीचे ते नकाशे. एक माणूस म्हणजे एक ठिपका. दोघांचं काही बोलणं झालं की त्या दोन ठिपक्यांमध्ये एक रेघ. अशा हजारो रेघा ओढल्या की विमानातून एखादं शहर दिसावं तसं पडद्यावर काहीतरी उमटायचं. इथं दाट वस्ती, तिथं ओसाड माळ, मधेच एखादा गजबजलेला चौक. समर्थनगरातल्या आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीलगतच्या खोलीत बसून ती हे काम करायची. भिंतीवर तिनं एका ऑनलाइन खेळाचा नकाशा लावला होता. त्या खेळात चाळीस हजार माणसं रोज जमायची, किल्ले बांधायची, बाजार भरवायची, आणि ते सगळं जग कुठंच नव्हतं. तो नकाशा बंगळुरूच्या एका प्रदर्शनात लागला आणि तेव्हापासून तिच्याकडं कामं आपण होऊन यायला लागली.

तिचा एक नियम होता. लोक काय बोलतात ते ती वाचायची नाही. कोण, कुठं, किती वाजता, किती वेळा, एवढंच मोजायची. "मी पत्र उघडत नाही, पाकिटावरचा शिक्का बघते," असं ती नव्या माणसाला सांगायची, आणि सांगताना तिची मान जराशी ताठ व्हायची.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मधुसूदन सरांचा फोन आला. त्यांच्याकडं ती बारावीपर्यंत गणित शिकली होती. तेव्हा दोन खोल्यांत चालणारा त्यांचा क्लास आता जालना रोडवर तीन मजल्यांचा झाला होता. मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांना बसणारी साडेसहाशे मुलं, अकरा बॅचेस.

"स्वराली, जरा नाजूक काम आहे," सर म्हणाले. "फोनवर नको. येऊन जा."

केबिनमध्ये सरांसमोर दोघं बसलेले होते. एक काकासाहेब. पन्नाशी ओलांडलेले, पांढराशुभ्र शर्ट, आवाज खालच्या पट्टीतला. मूळचे बिडकीनचे, काही वर्षांपूर्वी चिकलठाण्याच्या नव्या वस्तीत बंगला बांधून राहायला आलेले. त्यांची मुलगी संस्कृती या क्लासला होती. एकोणीस वर्षांची, पहिल्या खेपेला मेडिकल थोडक्यात हुकलं म्हणून पुन्हा तयारीला बसलेली. दुसरा शिवम, काकासाहेबांचा पुतण्या. बाविशीतला, त्यांच्याच घरात लहानाचा मोठा झालेला.

सर अडखळत बोलले. चार दिवसांपूर्वी एक व्हिडिओ फिरला होता. चेहरा संस्कृतीचा, अंग दुसऱ्याच कुणाचं. असलं काही जोडायला आता मोबाइल पुरतो. एका दुपारीत तो क्लासच्या अकराच्या अकरा ग्रुपांवर पोचला. त्या दिवसापासून संस्कृती तिच्या खोलीच्या बाहेर आलेली नव्हती.

"पोलिसांत दिलं का?" स्वरालीनं विचारलं.

"पोरीचं नाव कागदावर चढंन," काकासाहेब म्हणाले. "उद्या सोयरीक जमवायची हाय. कुणाचं काम हाय तेवढं कळू द्या. फुडचं आमी बघतो."

"बघतोच आमी," शिवम म्हणाला.

सरांनी तोवर नोटीस काढून सगळ्या मुलांकडून ग्रुपांवरचं बोलणं फाइल करून मागवलं होतं. जो देणार नाही त्याला सराव परीक्षेला बसता येणार नाही, असा दम होता, त्यामुळं सगळ्यांनी दिलं. एका पोरानं घाबरून आपल्या मित्रमंडळाच्या खाजगी ग्रुपाचीही फाइल त्यात टाकली होती. या सगळ्या ढिगातून व्हिडिओ कुणाकडून कुणाकडं गेला त्याचा नकाशा सरांना हवा होता. स्वरालीनं पाच दिवस मागितले. सरांनी दोन दिले. "पालक रोज दारात बसतात गं," ते म्हणाले.

ती हो म्हणाली. त्या मुलीचं तिला वाईट वाटत होतं हे खरं. पण आपल्याच शहरातली, आपल्याच शाळाकॉलेजांतली साडेसहाशे माणसं नकाशात बघायला मिळणार याचीही एक हौस होती, आणि तीही तितकीच खरी होती.

अशा फाइलींत व्हिडिओ स्वतः येत नाही. त्याच्या जागी 'इथं काहीतरी पाठवलं होतं' एवढी खूण उरते. त्या दुपारच्या अशा सगळ्या खुणा तिनं कॉम्प्युटरकडून गोळा करून घेतल्या. पण नुसत्या खुणा तुटक तुटक वाटत होत्या, चित्र जुळत नव्हतं. म्हणून ज्या मेसेजमध्ये 'व्हिडिओ' हा शब्द होता, तोही प्रत्येक मेसेज तिनं मोजणीत धरला. त्याबरोबर जाळं एकदम भरून आलं. तिनं नावांच्या जागी आकडे घातले, यादी सरांकडं दिली. या नकाशात रेघ माणसापासून ग्रुपापर्यंत होती; जो जितक्या ग्रुपांशी जोडलेला, तितका त्याचा ठिपका मोठा. बाकी ठिपके राखाडी ठेवले आणि सगळ्यात मोठ्याला लाल रंग दिला. राखाडीवर लाल उठून दिसतो, एवढंच त्यामागचं कारण.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी अकरा वाजता क्लासच्या हॉलमध्ये सगळे जमले. सर, चार शिक्षक, काकासाहेब, शिवम आणि त्याच्याबरोबर आलेले दोन मित्र. प्रोजेक्टर लावायला ऑफिसातला संघपाल होता. पंचविशीचा, सडपातळ, गळ्यात ओळखपत्र. वेळापत्रकं, हजेऱ्या, सुट्ट्यांचे निरोप, सगळं तोच बघायचा. मुलं त्याला संघपालसर म्हणायची. त्यानं खिडक्यांचे पडदे ओढले, स्वरालीपुढं पाण्याची बाटली ठेवली, आणि नकाशा भिंतीवर नीट दिसतोय का ते मागं जाऊन पाहून आला.

"मॅडम, थोडा वर घेऊ का?" त्यानं विचारलं.

"बरोबर आहे. असू द्या," ती म्हणाली.

मग ती बोलायला उभी राहिली. ठिपके म्हणजे काय, रेघा म्हणजे काय हे तिनं छान समजावून सांगितलं. शिक्षक माना डोलवत होते. शेवटी तिनं लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा नंबर सात. अकराच्या अकरा ग्रुपांपर्यंत रेघ असलेला हा एकटाच. याला काढून टाकलं तर सगळं जाळं तुटतं."

"म्हंजी ह्यानंच केलं," काकासाहेब म्हणाले.

इथं तिनं थांबायला हवं होतं. मोठा ठिपका म्हणजे सुरुवात नव्हे, हे ती कॉलेजांत व्याख्यानाला गेली की पहिल्या वर्षाच्या मुलांनाही सांगायची. पण सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, आणि तिला एक सुटसुटीत वाक्य सुचलं.

"सगळं याच्यातून गेलंय," ती म्हणाली.

सरांनी चष्मा लावून यादी वर धरली. बोट खाली खाली आलं आणि थांबलं. त्यांनी एकदा मान वर करून हॉलच्या मागच्या बाजूला पाहिलं, पुन्हा यादीत पाहिलं.

"सात नंबर," ते म्हणाले, "संघपाल."

तो प्रोजेक्टरपाशीच उभा होता. आधी त्याला वाटलं की सरांनी काही कामाला हाक मारली, म्हणून तो दोन पावलं पुढं आला. मग त्याच्या ध्यानात आलं.

"सर, मी तर थांबवत होतो," तो म्हणाला. "मी सगळ्यांना टाकलं होतं की..."

शिवमनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. पहिला फटका तोंडावर बसला. तो खुर्च्यांवर पडला, खुर्च्या त्याच्यावर पडल्या, आणि शिवमचे दोन्ही मित्र पुढं झाले. कुणाच्या तरी पायात वायर अडकली. भिंतीवरचा नकाशा तिरका होऊन छतावर गेला. शिक्षकांपैकी एकानं "अरे, अरे" म्हटलं आणि तो दाराकडं सरकला. काकासाहेब खुर्चीवरून उठले नाहीत.

"तू नीघ आता," सर स्वरालीच्या कानाशी म्हणाले. "तुझं काम झालं."

तिनं लॅपटॉप छातीशी धरला आणि ती जिना उतरली. दुसऱ्या मजल्यापर्यंत वरचा आवाज येत होता. जालना रोडवरच्या पाट्या मागं टाकत रिक्षा क्रांती चौकात आली तोवर तिला थोडं समाधानही वाटायला लागलं होतं. पकडला गेल्यावर सगळेच म्हणतात की मी थांबवत होतो. दोन दिवसांत साडेसहाशे माणसांतून एक माणूस शोधून काढणं हे सोपं काम नव्हतं.

हॉलमध्ये कुणीतरी मोबाइलवर भिंतीचा फोटो काढला होता. संध्याकाळपर्यंत त्या फोटोशेजारी संघपालच्या ओळखपत्राचा फोटो जोडला गेला, खाली चार शिव्या आल्या, आणि ते सगळं शहरभर सुटलं. दुसऱ्या दिवशी नाशिकहून स्वरालीच्या मावशीनं तिलाच ते पाठवलं. खाली लिहिलं होतं, तुमच्याकडची बातमी खरी आहे का गं. त्यात लाल ठिपका आणखी मोठा झाला होता, कुणीतरी त्याच्याभोवती वर्तुळं काढली होती. नकाशा कुणी काढला याची चौकशी सुरू झाली, आणि सरांनी मोठ्या मनानं तिचं नाव सांगितलं. एका स्थानिक वाहिनीनं तिची मुलाखत घेतली. वैजापूरच्या एका शाळेनं असंच काम करून द्याल का म्हणून विचारलं. संघपालचं काय झालं हे तिनं कुणाला विचारलं नाही. तो दवाखान्यात असल्याचं तिच्या आईनं भाजीवाल्याकडून ऐकलं.

वैजापूरच्या शाळेला आपली पद्धत लिहून पाठवायची होती. नवव्या दिवशी ती त्या कामाला बसली. उदाहरण म्हणून सात नंबरच्या अकरा रेघा घ्याव्यात असं तिनं ठरवलं. एक रेघ कशी तयार होते हे दाखवायचं, तर एक तरी मेसेज बघायला हवा होता. तिनं नियम मोडला आणि पहिली रेघ उघडली.

'विद्यार्थी मित्रांनो, आपल्या क्लासमधल्या मुलीचा म्हणून जो व्हिडिओ फिरतो आहे तो खोटा बनवलेला आहे. कृपया उघडू नका, पुढे पाठवू नका, मोबाइलमधून काढून टाका. पाठवणाऱ्यांना ग्रुपमधून काढत आहे. संघपाल, ऑफिस.'

तिनं दुसरी रेघ उघडली. तेच. तिसरी, चौथी, पाचवी, तेच. चार वाजून एक्कावन्न मिनिटांपासून पाच वाजून नऊ मिनिटांपर्यंत त्यानं अकरा ग्रुपांवर अकरा वेळा हेच टाकलं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी त्यात 'व्हिडिओ' हा शब्द होता. त्यानं स्वतः व्हिडिओ एकदाही पाठवलेला नव्हता. तो सगळ्या ग्रुपांत होता, कारण वेळापत्रकं टाकण्यासाठी सरांनीच त्याला सगळ्या ग्रुपांचं ॲडमिन केलं होतं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि परत आली. पाणी प्यायचं राहूनच गेलं. मग तिनं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. नुसत्या खुणा घेतल्या आणि वेळेप्रमाणे लावल्या. सगळ्यात पहिली खूण तीन वाजून वीस मिनिटांची होती. घाबरलेल्या त्या पोरानं जी जास्तीची फाइल दिली होती, त्या नऊ जणांच्या ग्रुपातली. नकाशात हा ठिपका अगदी कडेला, राखाडी, मोहरीएवढा होता. पाठवणाऱ्याचं नाव त्या पोराच्या मोबाइलमध्ये 'शिवम भाऊ बिडकीन' असं होतं. व्हिडिओखाली त्यानं लिहिलं होतं, 'आमच्या घरची डॉक्टरीन. कुणी दिलं ते सांगायचं नाय.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांकडं गेली. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं, उठून केबिनचं दार लावलं आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"म्हणजे माहिती चुकीची होती असं म्हणतेस?"

"माहिती बरोबर होती. मी चुकले, सर."

"दीडशे पालकांना मी उत्तर दिलंय, स्वराली. क्लासची नवी नोंदणी चालू आहे. आता मी उभं राहून सांगू, की आपण निरपराध माणसाला मारलं?" त्यांनी टेबलावरचे नोंदणीचे अर्ज एकावर एक नीट लावले. "संघपालला मी कुठंतरी चिकटवून देईन. ओळखी आहेत. तू हे वाढवू नको. आणि एक लक्षात घे, नकाशा तू काढलास. मी फक्त यादी वाचली."

तिथून ती काकासाहेबांच्या बंगल्यावर गेली. दिवाणखान्यात त्यांच्यासमोर तिनं लॅपटॉप ठेवला आणि तीन वाजून वीस मिनिटांची ओळ दाखवली. नाव वाचून दाखवायला तिची जीभ उचलेना, म्हणून नुसतं बोट ठेवलं. काकासाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसेल अशी तिची अपेक्षा होती. ते काही दिसलं नाही. थकवा दिसला.

"हे कुणाला दावलं?"

"सरांना फक्त."

"आता पुसून टाका."

"काकासाहेब, तो संघपाल दवाखान्यात आहे."

"दवाखान्याचं काय आसंन ते आमी बघू." ते खुर्चीत मागं रेलले. "भावाचं लेकरू हाय ते. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली. त्याच्या आईला काय सांगू? घरातच निघालं म्हणून सांगू? बाहेर कळलं तर पोरीचं बी जाईन आन् पोराचं बी जाईन. आता कसं हाय, बाहेरच्यानं केलं म्हणून लोक हळहळतेत तरी." मग त्यांनी आत हाक मारली, "संस्कृती, ताईला च्या दे."

संस्कृतीनं चहा आणला. डोक्यावरून ओढणी, डोळे खाली. कप ठेवताना तिचं लक्ष लॅपटॉपच्या पडद्यावर गेलं, आणि ती तिथंच क्षणभर थांबली. मग आत निघून गेली. स्वराली फाटकापाशी आली तेव्हा ती बंगल्याच्या बाजूनं, कपडे वाळत घातलेल्या दोरीमागून पुढं आली.

"ताई, मला पयल्याच दिवशी कळलं होतं," ती हळूच म्हणाली. "त्यातला माझा चेहरा पिवळ्या साडीतल्या फोटोतला हाय. तो फोटो फकस्त माझ्या मोबाइलमधी होता. दादानं मोबाइल मागून नेला होता."

"पण तो असं का करेल?"

"तो कॉलेजला जातच नव्हता. मी ते पप्पांना सांगितलं. त्यांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मला म्हणला होता, तुझं डॉक्टर व्हायचं बघतोच."

"मग तू बोलली का नाहीस? संघपालला मारलं हे कळल्यावर तरी?"

"मला इथंच राहायचंय, ताई," संस्कृती म्हणाली. "संघपालसरांना इथं राहायचं नाय."

असं म्हणून ती आत गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता की लाज नव्हती. गणितातलं उत्तर सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

मुकुंदवाडीत संघपालचं घर शोधायला वेळ लागला नाही. शेंबडं पोरसुद्धा 'तो व्हिडिओवाला' म्हणून दाखवत होतं. दाराला कुणीतरी चुन्यानं शिवी लिहिली होती, ती पुसल्यावरही वाचता येत होती. त्याची आई भामाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. ती एका खानावळीत भाकरी करायला जायची. गेल्या आठवड्यात मालकानं तिलाही, थोडे दिवस येऊ नका, म्हणून सांगितलं होतं. स्वरालीनं आपण कोण ते सांगितलं. भामाबाईनं सूप बाजूला ठेवलं, तिच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि आत वळून म्हणाली, "संघा, नकाशेवाली बाई आली."

आदल्याच दिवशी दवाखान्यातून घरी आलेला संघपाल भिंतीला टेकून बसला होता. जबडा तारेनं बांधलेला, त्यामुळं ओठ फार हलत नव्हते. ती त्याच्यासमोर सतरंजीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. 'व्हिडिओ' शब्द मोजला ते सांगितलं, वेळ बघितली नाही ते सांगितलं, शिवमचं नाव सांगितलं. मग जुना आणि नवा, दोन्ही नकाशे दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. शिवमच्या नावाशी तो थांबला नाही. त्यानं जुन्या नकाशातला सात नंबर शोधला.

"ठिपका मोठा करायचा हे कुणी ठरवलं?" त्यानं दातांमधून विचारलं.

"मी."

"आणि लाल?"

"मीच."

त्यानं मान हलवली. जणू एखादी हजेरी तपासून खूण केली. मग म्हणाला, "हे पोलिसांत लिहून द्याल?"

"देईन," ती म्हणाली.

तिनं दिलंही. तिच्या वडिलांनी अडवलं, एका ओळखीच्या वकिलानं फोन करून सांगितलं की मुलांचं खाजगी बोलणं तपासल्याबद्दल तूच अडचणीत येशील. तरी ती गेली. ठाण्यातल्या साहेबांनी दोन्ही नकाशे टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला लावले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला, नीट ऐकून घेतलं.

"हा पहिला तुम्हीच काढला?"

"हो."

"तेव्हाही तुम्ही खात्रीनं सांगितलं होतं?"

"हो."

"आणि आता हा दुसरा खात्रीनं सांगताय." त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तिसरा काढायच्या आधी या."

त्यांनी चौकशी मात्र केली. काकासाहेबांनी लिहून दिलं की आमच्या मुलीची कुणाबद्दल काही तक्रार नाही. सरांनी लिहून दिलं की त्या दिवशी हॉलमध्ये थोडी बाचाबाची झाली, संघपाल जिन्यावरून घसरला, आणि त्यानंतर तो आपणहून कामाला आला नाही. शिक्षकांपैकी कुणालाच नीट आठवत नव्हतं. जास्तीची फाइल देणाऱ्या पोरानं, ती आपण दिलीच नाही, असं सांगितलं. त्याचा मोबाइल हरवला होता.

मग स्वरालीनं आपल्या परीनं सुरुवात केली. जिथं जिथं तो फोटो दिसेल तिथं ती लिहायची, हा नकाशा मी काढला आहे, तो चुकला आहे, या माणसानं काहीही केलेलं नाही, कृपया काढून टाका. पहिल्या आठवड्यात तिनं दोनशेच्या वर लोकांना लिहिलं. चौघांनी फोटो काढला. बाकीच्यांनी तिला ग्रुपमधून काढलं. एकानं विचारलं, त्याची कोण लागतेस. ते वाक्य इतरांना आवडलं, आणि तेही फिरायला लागलं. तिच्या मुलाखतीतला तिचा फोटो घेऊन कुणीतरी तो संघपालच्या फोटोशेजारी लावला. आईनं जेवताना तिच्याशी बोलणं सोडलं. वैजापूरच्या शाळेनं काम दुसऱ्याला दिलं.

मार्चच्या अखेरीला संस्कृतीनं क्लास सोडला. मेडिकलची परीक्षा तिनं द्यायची नाही असं ठरलं. तिच्याकडून मोबाइल काढून घेतला होता. शिवमला काकासाहेबांनी बिडकीनला दुकान टाकून दिलं. उद्घाटनाला सर नारळ फोडायला गेले होते, त्याचे फोटो स्वरालीनं पाहिले. शिवम फोटोत हसत होता आणि चांगला दिसत होता.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती पुन्हा मुकुंदवाडीला गेली. संघपालला तक्रार वरच्या अधिकाऱ्यांकडं न्यायची असेल तर आपण साक्ष द्यायला तयार आहोत, हे सांगायला. घरासमोर एक छोटा टेम्पो उभा होता. त्यात पलंग, शेगडी, दोन पत्र्याच्या पेट्या, बांधलेल्या गाद्या. भामाबाई शेजारणीला पाण्याचा माठ देऊन टाकत होती. संघपाल टेम्पोच्या मागच्या फळीला दोरी बांधत होता. जबड्याची तार निघाली होती. टेम्पोचं इंजिन चालूच होतं.

ती त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"संघपाल, माझ्यामुळं तुमचं सगळं गेलं," ती म्हणाली. आणखीही बरंच बोलली. घरून निघताना तिनं ते मनात नीट रचून आणलं होतं. तिनं माफी मागितली, साक्षीचं सांगितलं, वकिलाचं सांगितलं. बोलता बोलता तिला रडू आलं. तो दोरीला गाठ मारत राहिला. एकदाही त्यानं वर पाहिलं नाही. तिला वाटलं की हे तिला मिळायलाच हवं होतं.

भामाबाई मोकळ्या हातानं परत आली आणि तिनं दोघांकडं पाहिलं.

"त्या कानानं त्याला ऐकू येत नाय आता," ती म्हणाली. "पडदा फाटलाय. बोलायचं आसंल तर हिकडून बोला."

तेव्हा संघपालनं मान वळवली आणि स्वरालीला पाहिलं. ती तिथं कधीपासून उभी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. गाठ आवळून त्यानं हात पँटला पुसले आणि तिच्याकडं उजवा कान करून तो थांबला, सरांसमोर कामासाठी थांबायचा तसा.

स्वराली वळसा घालून त्या बाजूला गेली. पण मघाचं काही तिला पुन्हा बोलता येईना.

"कुठं चाललात?" तिनं विचारलं.

"जालन्याकडं. मामा आहेत."

"नवा नंबर द्याल? साक्षीसाठी..."

"नको, मॅडम," तो म्हणाला. तो रागानं म्हणाला नाही. त्यानं आईला हाताला धरून पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं, स्वतः मागं गाद्यांवर चढला, आणि पेटीवर दोनदा थाप मारली. टेम्पो हलला. गल्लीतली पोरं काही अंतर मागं धावली आणि त्याला व्हिडिओवाला, व्हिडिओवाला म्हणून ओरडली. ते ऐकून भामाबाईनं खिडकीतून मागं पाहिलं. संघपालनं पाहिलं नाही. त्याच्या कानावर ते पडलं की नाही, हे स्वरालीला तिथून सांगता आलं नसतं.